बेचाळीस गोळ्या

टिकलीचं वजन आम्ही रद्दीच्या काट्यावर केलं.
दवाखान्यातला काटा त्या दिवशी बंद होता
आणि डॉक्टर रंगारी म्हणाल्या, अंदाजानं मी देत नाही.
मग समोरच्या अशफाकभाईंनी
पेपरांचा गठ्ठा उतरवला, पोतं झटकून अंथरलं.
साडेचौदा किलो.
"रद्दीचा भाव लावू का, मॅडम?"
मी हसले. टिकलीच्या नाकातून
थेंब थेंब रक्त, काट्याच्या पत्र्यावर.

गोचिडाचा ताप. रक्तात जंतू.
बाहेर सेहेचाळीस डिग्री.
कूलरमध्ये पाणी भरता भरता
तिच्या कानामागचे करडे फुगीर दाणे
पंधरा दिवस मी चामखीळ समजत होते.

घरी एक पाकीट पडून होतं,
माझ्याच दाढेच्या वेळचं, चार गोळ्या उरलेल्या.
वानखडेकाकू म्हणाल्या होत्या, "अर्धी देऊन पाहा ना,
माणसाले चालते तं कुत्र्याले काहून नाही?"
मी ते पर्समधून काढून टेबलावर ठेवलं.
डॉक्टरांनी उलटंसुलटं केलं, तारीख वाचली
आणि माझ्याकडे न बघता
खणात टाकलं.

मग लिहिलं. अक्षर चक्क वाचता येणारं.
रोज दीड गोळी, अठ्ठावीस दिवस.
खाण्यासोबत, पण दुधातून नाही, दह्यातून नाही.
वरून पाणी पाजा, घशात अडकू देऊ नका.
उलट्या झाल्या, तोंड सुजलं, खाणं सोडलं तर फोन.
शेवटी पुन्हा रक्त तपासू.
मनानं वाढवायची नाही. मनानं थांबवायची नाही.
या ओळीखाली दोन रेघा.

एकतीस वर्षं मी बँकेत नोटा मोजल्या.
दीड गुणिले अठ्ठावीस, बेचाळीस.
ब्लेडनं चिरलेली उरली अर्धी
उद्यासाठी कुंकवाच्या रिकाम्या डबीत.

पहिल्या दिवशी पोळीच्या घासात लपवली.
पोळी गेली. गोळी सापडली कूलरमागे,
ओली, नीट चाटलेली.
दुसऱ्या दिवशी उकडलेली कलेजी; तेही ओळखलं तिनं.
तिसऱ्या दिवशी मी जबडा उघडला,
जिभेच्या मुळाशी गोळी, तोंड मिटून गळा चोळला,
सिरिंजनं पाणी, हळूहळू, गालाच्या कडेनं.
बोटावर दाताची पांढरी रेघ उठली.
मग भिंतीला टेकून बसलो दोघी,
एकमेकींवर रागावलेल्या.

सहाव्या दिवशी ती उठली
आणि मानेवाडा रोडपर्यंत मांजरामागे धावली.
फाटकावरून वानखडेकाकू:
"झाली की वो चांगली! आता कायले इष घालता पोटात?"

विष.
मोरेश्वर हेच म्हणायचा.
दोन महिने त्यानं घेतल्या. लघवी लाल व्हायची म्हणून
रोज मला हाक मारून दाखवल्यासारखं सांगायचा.
खोकला थांबला, गाल भरले,
आणि एका सकाळी उरलेली पाकिटं ट्रंकेत टाकून
कोराडीला कामावर निघाला.
"बरं वाटते ना, ताई. मंग?"
मी त्याला डबा भरून दिला होता,
चार पोळ्या, आलूची भाजी.
गोळ्यांचं विचारलं नाही.

ती ट्रंक अजून माझ्याकडे आहे.
टिकली तिच्यावर झोपते, पत्रा गार लागतो म्हणून.

काकूंना मी म्हटलं, बावीस दिवस राहिलेत अजून.
त्या म्हणाल्या, तुम्ही पण ना!
आणि संत्र्याच्या साली कचऱ्यात टाकून आत गेल्या.

आज बाविसावा.
डबीत अर्धी आहे. कलेजी शिजली, सिरिंज भरली.
डबीचं झाकण वाजताच ती
कूलरमागे जाऊन बसली आहे,
शेपूट तेवढी बाहेर.
चल, ये बाई, म्हणत मी गुडघ्यांवर वाकते,
गुडघे कुरकुरतात, फरशी तापलेली.
तिला माझा राग आहे. असू दे.
साडेदहा उरल्यात.