हातानं फिरवायचं चाक

पहिल्या दिवशी फक्त बूट घातले.
नाड्या बांधल्या, आणि खाटेच्या कडेवर बसून राहिले
नळाला पाणी आलंय का, एवढंच ऐकत.
नव्हतं आलं. अजून दोन दिवस होते पाळीला.
मग बूट काढले.

डॉक्टर सिद्राल म्हणाल्या होत्या,
औषध थोडंच देते, रोज जरा चाला.
जरा म्हणजे किती, ते लिहून घ्यायला मी पेन काढलं
तर त्यांनी त्याला टोपण लावून परत दिलं.

अकरा वर्षं मी टॉवेल मोजले
अक्कलकोट रोडच्या एका शेडमध्ये.
डझन, गठ्ठा, कंटेनर, तारीख.
वजनात चार ग्रॅम कमी भरले तर कुणाची चूक,
बंदरातून जहाज सुटलं तर कुणाची.
गड्ड्याची जत्रा चालू होती त्या आठवड्यात,
एका दुपारी सत्तेचाळीसनंतर काय येतं
ते आठवेना.
टॉवेल हातात धरून उभीच राहिले.
पोरी आधी हसल्या.
मग हसायच्या थांबल्या.

घरी आले तरी मागांचा खडखडाट
दाढांमध्ये राहिला होता.
झोप लागायची नाही, नीट जागही यायची नाही.

चौथ्या दिवशी गल्लीच्या तोंडापर्यंत गेले.
आठव्या दिवशी कंबर तलाव, तोही रिक्षानं.
चालायला रिक्षानं जाणारी बाई म्हणून
रिक्षावाल्यानं आरशात दोनदा बघितलं.

तिथं सगळे भराभर चालत होते
मनगटावरचे आकडे बघत.
मीही लागले मोजायला. एक फेरी. दीड.
उद्या दोन करायच्याच, असं ठरवलं,
आणि परवा घराच्या जिन्यातच खाली बसले,
पायांनी सरळ राजीनामा दिला.

यल्लय्या म्याकल लिंबाखाली उभे असायचे,
चाळीस वर्षं जॉबर, आता नुसते खांदे फिरवणारे,
इतके सावकाश, की आधी वाटलं
कुणाची तरी वाट बघतायत.
"काय करलालीस गं?" म्हणाले, "एवढी पळापळ?"
मी सांगितलं. सगळं नाही.

"माग महिनाभर बंद पडला
तर आल्या आल्या बटण दाबतो का आपण?
पट्टा उतरवायचा. तेल सोडायचं.
धोटा काढून बाजूला ठेवायचा.
आणि चाक हातानं फिरवायचं, थोडं थोडं.
धागा लावायचा नाही बघ.
कापड मागायचं नाही त्याच्याकडं."

मग मी मनगटं फिरवली.
मान डावीकडं, पाण्याकडं,
मान उजवीकडं, भेळेच्या बंद गाड्याकडं.
खांदे कानापर्यंत नेऊन सोडून दिले
तर आतून कट्ट असा आवाज आला.
"गंज हाय," म्याकल म्हणाले, "निघंल."

तलावात एक टिबुकली बुडी मारायची
आणि भलतीकडंच वर यायची.
ती वर येईपर्यंत मी श्वास धरून ठेवायची, उगाच.

कारखान्यातून फोन आला त्या दिवशी गेले नाही.
दुसऱ्या दिवशीही नाही.
तिसऱ्या दिवशी गेले, तर म्याकलांनी
कुठं होतीस, असं विचारलंच नाही.
नुसते सरकले सावलीत थोडे.

केव्हातरी भूक परत आली.
कडक भाकरी दह्यात मोडून, वर शेंगाची चटणी,
आणि आणखी एक मागितली
तेव्हा राजमणी, माझी भावजय,
माझ्याकडं न बघता वाढायला उठली.

आज पहाटे चारला पाणी आलं.
हंडा उचलताना आधी गुडघे वाकवले, कंबर नाही.
श्वास सोडला, मग उचलला.
वर ठेवला. परत गेले.
पाणी गेल्यावर राजमणीनं विचारलं, "किती भरले?"
मला सांगता येईना.
मोजलेच नव्हते.

छातीत तेच आलं, सत्तेचाळीसनंतरचं.
मोरीत जाऊन एकेकाला हात लावत मोजले.
अकरा.

बाहेर अजून उजाडलं नव्हतं.
बूट दाराशीच होते.