डावं-उजवं

आर्विड टॉल्फसनने गाडी गॅरेजबाहेर काढली
ती ऑक्टोबरात. मार्लिस म्हणाली,
मार्चपर्यंत काचेवरचा बर्फ कोण खरवडणार?
तो म्हणाला, मी.
आणि खरवडलाही. बहुतेक दिवस.

ऑरोरा बोलिंग बंद पडलं तेव्हा
आठव्या लेनचा साडेसात फुटी तुकडा
त्याने चाळीस डॉलरला घेऊन ठेवला होता.
मेपलच्या उभ्या पट्ट्या, एकमेकींना खिळ्यांनी शिवलेल्या,
मध्ये अक्रोडाचे गडद बाण,
चेंडू कुठून सोडायचा ते सांगणारे.
निम्म्या गावाचे नेम त्या बाणांवरून चुकले. माझेही.

त्या खिळ्यांनी करवतीचे दात खाल्ले.
रंध्याच्या पात्याला तीन खांडं पडली.
दर वेळी तो थांबायचा, दगडावर पाणी शिंपडायचा
आणि पातं घासत बसायचा, जसा खनिजाच्या गोदीत
छत्तीस वर्षं बोटींची वाट बघत बसला.
बाहेर सुपीरियर काठाकाठाने गोठत होतं,
रात्री बर्फ कण्हायचा, आम्हाला सवय आहे.

पाय जुन्या गोदीच्या तुळयांतले.
साल खोदायला दोन आठवडे लागले. कूस आत जाईना,
मग गेली, पण मोगरीच्या अशा तडाख्याने
की फळीवरचा रेडिओ खाली पडला.
तेव्हापासून त्याला एकच स्टेशन लागतं, हवामानाचं.
उंचीसाठी टेप नाही लावली. ताठ उभा राहिला,
हात सैल सोडले, तळवा आडवा केला: इथे.
मार्लिसने पेन्सिलीने खूण केली.
चारी कोपऱ्यांना गुण्या लावून पाहिला.
गुण्यात आलं. गोविंदाचं पुढे बघू.

राहिला शेगडा. नकाशात तो डाव्या टोकाला,
सगळ्यांच्याच नकाशांत असतो.
चार भोकं पाडून झाली.
बोल्ट घालण्याआधी, सहज म्हणून,
आर्विडने पाइनची एक फळी बाकावर टेकवली,
रंधा उचलला
आणि पलीकडच्या टोकाला जाऊन उभा राहिला.

मी म्हटलं, आर्विड, चुकीच्या बाजूला आहेस.

त्याने स्वतःच्या हातांकडे पाहिलं,
चर्चमधून दुसऱ्याचंच जाकीट घालून
घरी आलेल्या माणसासारखं.

मग सांगितलं. शाळेतली सुतारकामाची खोली,
साल बासष्ट, ग्रोन्सेथ सर.
मारलं नाही कधी. फक्त मागच्या मुठीवरचा
माझा डावा हात उचलायचे
आणि तिथे उजवा ठेवायचे. दर वेळी. हसून.
बाकंच सगळी एका हाताची, त्यांचा काय दोष.
बारा पोरांत त्यांनी कधी डावं-उजवं केलं नाही.
माझं तेवढं डाव्याचं उजवं केलं.

दुसऱ्या दिवशी मी गेले तर
डाव्या टोकाला अक्रोडाच्या खुंट्यांचे चार काळे ठिपके,
शेगडा उजवीकडे,
आणि जमिनीवर एक लांब, सलग सालपट.
मार्लिसने ते उचलून शेगडीत घातलं.
छान पेटतं, म्हणाली.

एप्रिलमध्ये माझ्या कनूचं वल्हं चिरलं.
दुरुस्त करायला त्याच्याच बाकाशी उभी राहिले.
सगळं उलटं. लाकूड ज्या बाजूने धरावं
तिथे माझं कोपर, शेगड्याचा दांडा बरगडीत.
आर्विड बराच वेळ बघत होता. मग हसत पुढे आला,
रंध्याच्या मुठीवरच्या माझ्या उजव्या हाताकडे
त्याने हात नेला,
आणि थांबला.

हात खिशात घातला.
रेडिओ सांगत होता, उत्तरेकडून वारा, लाटा चार फूट.
घे तुझ्या तऱ्हेने, म्हणाला. मी शेगडा सोडवतो.