आ करा

एकतीस वर्षं हेच बोलत आले होमस्टेडच्या दवाखान्यात,
इंग्रजीत, मोडक्या स्पॅनिशमध्ये,
आणि एकदा चुकून मराठीत.
त्या ट्रकवाल्याने बरोबर आ केला होता.

आता टॅव्हर्नियरला राहते. खुर्ची विकली, दिवा विकला.
मंगळवारी मारिसोलच्या बोटीवर चढते
आणि साठीनंतर शिकलेला श्वास पाठीवर बांधून
पंचवीस फूट खाली जाते.

तिथे ती असते.
आमच्या वेंगुर्ल्यात वाम म्हणजे तुकड्या, हळद, मीठ, तवा.
ही हिरवीगार, माझ्या मांडीएवढी,
कपारीतून डोकं काढून
तोंड उघडते, मिटते, उघडते.
नवशिके दचकून मागे सरतात.
मला पहिल्याच दिवशी कळलं, ही फक्त श्वास घेते आहे;
चावणारा जबडा वेगळा असतो,
माझ्या अंगठ्याला विचारा.
घशात तिच्या दुसरा जबडा आहे म्हणतात, तो काही मी तपासला नाही.
एक तांबडी-पांढरी कोळंबी मात्र
तिच्या दातांतून खुशाल हिंडते, फटी कोरते,
हातमोजे नाहीत, बिल नाही.
तीस वर्षांत माझ्यापुढे इतकं निवांत
कुणी बसलं नाही.

माझं काम पलीकडे.
मेलेला खडक ब्रशने घासायचा,
चिमूटभर सिमेंट, त्यात पोवळ्याची बोटभर फांदी,
दाबून साठपर्यंत मोजायचं.
मारिसोल खुणेने सांगते, तुझा हात हलत नाही.
कसा हलेल, बाई.

लोक माझ्याकडे यायचे पांढरे करून घ्यायला,
लग्नाआधी, मुलाखतीआधी.
मी शेड-कार्ड ओठाशी धरून विचारायचे,
हा? की याहून पांढरा?

त्या ऑगस्टमध्ये पाणी न्हाणीघरातल्यासारखं कढत झालं.
उतरले तर सगळं
कार्डावर नसलेलं पांढरं.
ती कपारीत होती, तोंड उघडत, मिटत.
कोळंबी दिसली नाही.
हातमोज्याच्या आत आईने घातलेली अंगठी रुतली.
माझा मंगळ कडक, म्हणून सात रत्तीचं पोवळं;
सावंतवाडीच्या सोनाराने ते तोललं होतं,
कुणाचं घर म्हणून नव्हे.

अंगठी अजून बोटात आहे. काढवत नाही, आणि कारण सांगता येत नाही.

या मंगळवारी मोजले: चाळिसातले अकरा उरलेत.
ढगाळ होतं. एका फांदीच्या टोकाशी भिंग नेलं
तर तपकिरी रंग परतलेला, आणि त्यात तोंडं,
टाचणीच्या टोकाएवढी, दात नसलेली, बंद.
सवयीने म्हणाले मी ते दोन शब्द.
नळीतून नुसते बुडबुडे निघाले
आणि वर गेले.