नवा रकाना

हजेरीच्या रजिस्टरात नवा रकाना आला
दिवाळीनंतरच्या सोमवारी.
चांडकशेठच्या मुलानं स्वतः पट्टी धरून आखला,
तांबड्या शाईनं: कशाने आलात.

मी जिनिंगचा हजेरी बाबू.
फाटकापाशी माझं टेबल, टेबलावर रुईची लव,
ती चहातही पडते.

सायकलीने येईल त्याला किलोमीटरमागे दीड रुपया.
बिनव्याजी सायकल, पगारातून दहा हप्ते,
टिनाचं शेड, साखळीनं बांधलेला हवेचा पंप,
बुधवारी हिंगणघाटहून रफिक मिस्त्री,
कारण आमच्याकडे सराटे असे
की नवी ट्यूब आठवड्यात चाळणी.
होळीनंतर शिफ्ट सहाला,
म्हणजे निदान येताना तरी ऊन नको.
"धूर कमी होईल, बाबू," मुलगा म्हणाला,
आणि मनापासून म्हणाला.
पुण्यात शिकताना तो सायकलनेच जायचा.

मी मोटारसायकलने येतो.
माझा पेट्रोल भत्ता वेगळ्या रजिस्टरात.

महिनाभरात बावीस सायकली.
देवराव झाडेनं हँडलला लिंबू-मिरची बांधली.
इंदुकला थूल चाळिशीत शिकली,
कापसाच्या गंजीवर जाऊन पडायची, म्हणायची,
"मऊ हाय वं, शिका साऱ्या!"
मी लिहीत गेलो: सा. सा. सा.

मग पंचफुला कुमरे.
अकरा वर्षं कवडी कापूस निवडते,
पगाराखेरीज कधी टेबलापाशी थांबली नाही.
"बाबू, सायकलीले पैसे देता.
पायाले काहून नाही?"

मी रकाना पाहिला.
पायासाठी अक्षरच ठरलं नव्हतं.
"तू घे ना सायकल."
"नाल्यातून चालते का?
खांद्यावर घेऊन नाला उतरू,
मंग कोण कोनावर बसलं?"

मी अर्ज लिहिला.
उत्तर आलं, चांगलं उत्तर:
पायी येणाऱ्यांनाही द्यावा. अंतर मोजून कळवावे.

शनिवारी शिफ्ट सुटल्यावर मी तिच्यामागे,
हातात मोबाईल, त्यात पावलं मोजणारं यंत्र.
डांबरी रस्त्यानं तिचं गाव सात किलोमीटर.
ती रस्त्याला लागलीच नाही.
तुरीच्या धुऱ्यानं गेली,
पऱ्हाटीच्या दोन ओळींमधून, आडवी होऊन,
नाल्यात तीन दगड, तिसरा हलतो,
ती न बघता पार.
मी बघून पाय ठेवला
आणि घोट्यापर्यंत भिजलो.
बोरीखाली थांबली, पदरात मूठभर बोरं घेतली,
"हे मोजू नका."

तिच्या दारात मोबाईल म्हणाला
चार पूर्णांक एक दशांश.

"सात लिहितो," मी म्हणालो.
"रस्त्यानं आलीस म्हणायचं.
कोण येतंय बघायला?"

ती रांजणापाशी पाय धूत होती.
दगडानं टाच घासता घासता,
मान वर न करता:
"जेवढं चालली तेवढं लिवा.
न चाललेल्याचे पैसे घेतले
तं पाय दुखतीन माह्ये."

तिच्या सासूनं चहा दिला, गुळाचा.
प्यालो. त्यात लव नव्हती,
चमत्कारिक वाटलं.

परतताना अंधार.
मोटारसायकल फाटकाशी,
चार पूर्णांक एक दशांशावर.
तिसऱ्या दगडावर पाय ठेवला, या वेळी न बघता.
भिजलोच.

सोमवारी रकान्यात लिहिलं: पा.
आणि पुढे आकडा, होता तोच.
तिनं काही विचारलं नाही, आत गेली.
त्या दिवशी आणखी नऊ जणी टेबलापाशी आल्या,
अंगठ्यानं आपापली दिशा दाखवत.

बुटाच्या तळव्यात एक सराटा रुतलाय.
ऑफिसच्या फरशीवर टक् टक् वाजतो.
काढीन.

दुसरं रजिस्टर खालच्या खणात असतं.
त्यात माझं गाव फाटकापासून चौदा किलोमीटर,
सहा वर्षांपासून, माझ्याच अक्षरात.
ते मोजायला
अजून कुणी माझ्यामागे आलेलं नाही.