टंच

एकतीस वर्षं शाहू मार्केट यार्डात काट्यापाशी उभा राहिलो.
गुळाचा रवा नुसता बघून सांगायचो
तीस किलोला किती कमी, किती वर,
आणि काटा माझ्या मागून तेच बोलायचा.
म्हणून क्रॉनिक ल्युकेमियाच्या रिपोर्टावर
पांढऱ्या पेशी वाचल्या, एक लाख चौसष्ट हजार,
तेव्हा एवढंच विचारलं,
बाई, ह्यात कडता किती धरायचा?

इंगवले डॉक्टरीण हसल्या नाहीत.
आकडा मोठा आहे, म्हणाल्या, पण घाई नाही.
हिमोग्लोबिन तेरा, प्लेटलेट शाबूत, गाठी बारीक.
तीन महिन्यांनी या.
गोळी? नको. पथ्य? नको.
नुसतं बघत राहायचं.
बायको म्हणाली, एवढ्या मोठ्या रकमेला
व्याज कसं लागत नाही?

बाकड्यावर शेजारी नेमगोंडा, हुपरीचा.
पैंजणांना घुंगरं डागण्यात हयात गेली,
बोटांवर अजून तेजाबाचे डाग.
त्याच्या पेशी अडतीस हजार.
मनात म्हटलं, नशीबवान. माझ्या पाव हिश्शाएवढ्याही नाहीत.
पण जिना चढताना तो दोनदा थांबायचा,
आणि चहा मी आणायचो, दोघांचाही, खालच्या टपरीवरून.

दोघांचं रक्त पुण्याला गेलं. तपासणीचं नाव फिश.
नेमगोंडा म्हणाला, आम्ही जैन माणसं, मासा कशाला?
त्या दिवशी मात्र बाई हसल्या.
मग रिपोर्टाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ठिपके काढले.
अंधारात पेशी धरायची, रंग चिकटवायचा,
एकेका रंगाचे दोन ठिपके चमकायला हवेत,
एक आईकडला, एक बापाकडला.
माझ्यात तेराव्या गुणसूत्रावरचा एक विझलेला.
त्याच्यात सतराव्यावरचा.

एवढाच फरक?
एवढाच, म्हणाल्या, आणि पेनचं टोपण लावलं.
तुमच्या पेशी गर्दी करतात, पण सुस्त आहेत.
ह्यांच्यात राखणदारच गेलाय,
बिघडलेल्याला थांब म्हणणारा.

पोरीला येईल का माझ्या?
हे जन्मताना आलेलं नाही.
एकाच पेशीची नक्कल होताना तुकडा निसटला,
कधी, ते कुणालाच माहीत नाही.
मी आठवत बसलो, कुठली दुपार असेल.
सौदा चालू असेल, मी ओरडत असेन, तीसाला दोनशे ग्रॅम कमी.

नेमगोंडाला माझ्या आधी कळलं.
वजनाचं न्हाई मापाडी, टंचाचं हाय.
माझी वीट ल्हान, पण खोट आत हाय.

त्याला गोळ्या सुरू झाल्या.
महिन्यानं त्याच्या पेशी ब्याण्णव हजार.
त्याचा पोरगा कागद घेऊन
जिन्यात भिंतीकडं तोंड करून उभा.
बाईंनी नेमगोंडाची मान चाचपली, बगल चाचपली.
गाठी उतरल्यात, म्हणाल्या.
तिथं दडलेल्या पेशी बाहेर निघून रक्तात आल्यात.
काही दिवस आकडा चढेल, चढू दे.

चढता काटा म्हणजे माल जास्त,
ह्यापलीकडं मला कुणी काही शिकवलं नव्हतं.

ह्या खेपेला त्याला हुपरीच्या गाडीपर्यंत सोडायला गेलो.
चौकापर्यंत एकदाही थांबला नाही. मीच थांबलो, चप्पल नीट करायला.
तुमचं काय म्हणाल्या बाई?
म्हटलं, तसंच आहे. पण बदलू शकतं म्हणे,
आणखी एखादा ठिपका विझला तर. परत तपासतील.
व्हय, म्हणाला.
खिशातून एक घुंगरू काढून माझ्या तळहातावर ठेवलं.
किती भरंल?
दीड ग्रॅम.
बरोबर. पण ते वाजतंय आतल्या खड्यानं.

गाडी निघाली. त्यानं ते परत मागितलं नाही,
मीही दिलं नाही.
पुढचं रक्त एकवीस तारखेला.