थाळी

जानेवारीतली दुपार, शारजात अल खानचा रस्ता बंद.
पुढे पोलिसांची गाडी, तिच्यापुढे क्रेन,
आणि दोन इमारतींच्या मध्ये, तेविसाव्या मजल्याच्या उंचीवर,
एक रेघ.
गुलजमानने इंजिन चालूच ठेवलं, एसीसाठी.
म्हणाला, शूटिंग है, आधा घंटा तो गया.
शाळेच्या बसमध्ये एकोणीस मुलं,
त्यातली अकरा भुकेली,
एकाच्या बुटात वाळू.

मी उभीच. मी कधी काही धरत नाही.
नहदाच्या वळणावर बस कलते तेव्हा
पोरं ओरडतात, आंटी, पकडो!
माझे तळवे त्याआधीच वळलेले असतात.
ही विद्या मी नोकरीच्या अर्जात लिहिली नव्हती.

मग तो निघाला रेघेवर.
पांढरा शर्ट, हातात लांब काठी.
सगळी मुलं डाव्या काचेला.
तनिष्का पेडणेकर, दुसरी ब, म्हणाली,
मावशी, खराखुरा आहे का तो?
आहे की. कमरेला बारीक दोरी दिसते बघ,
ती नंतर पुसतील.
कशाने पुसतील?
कॉम्प्युटरने, असं रेहान म्हणाला,
त्याला सगळंच माहीत असतं.

मी पाय बघत नव्हते.
पाय बघतात ते पैसे देणारे.
मी बघत होते तारेचं टोक,
तिथे कठड्यामागे चार माणसं, पिवळ्या टोप्या, उकिडवी.
बाप म्हणायचा, चालणारीला काय हुतंय,
मेख ज्यानं ठोकली त्याला इचार
रातीला झोप लागली का.
फलटणच्या बाजारात, वैरणीच्या गाड्यांमागे
तो मेख ठोकायचा, तिच्यावर थुंकायचा,
मग ढोलकं घ्यायचा.
लोकांना वाटायचं, गर्दी जमवायला वाजवतोय.
ढोलकं मला सांगायचं, वारा आलाय, थांब.
थांब.
आता टाक. आता टाक. आता.

इथे आवाज नव्हता.
तोही नंतर घालतील.
इतक्या मुक्या दोरावर मी चढले नसते.

मध्यावर तो एका गुडघ्यावर बसला.
गुलजमान म्हणाला, दिमाग ख़राब है इसका,
आणि उभ्या बसचं स्टिअरिंग
दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

तनिष्काची आई रोज फाटकापाशी धावत येते,
कानाला फोन, काखेत लॅपटॉप,
नवऱ्याची नोकरी गेल्यापासून जरा जास्तच धावत.
म्हणते, तारेवरची कसरत चाललीय हो मावशी.
मी मान हलवते, पोर हाती देते, सही घेते.
तिला कसं सांगू, बाई,
तारेवर काही नसतं.
तिथे भूक लागत नाही,
कोण गं तू, कुणातली, असं विचारत कोणी वर येत नाही.
अवघड असतं ते उतरल्यावर.
फ्रॉक गुडघ्याखाली ओढायचा
आणि आत्ता डोक्यावर होती तीच थाळी
हातात घेऊन फिरायचं.
ज्यांचा श्वास तुझ्यापायी अडकला होता
त्यांना एकाएकी एसटी गाठायची असते,
सुट्टे नसतात,
शेंगा सोलायच्या असतात.
सात वर्षांची मी, सपाट जमिनीवर,
दर पावलाला झोकांडी जायची.

तो पोचला.
हॉर्न वाजले, मुलांनी बंद काचेवर टाळ्या पिटल्या.
माझ्या मुठीत पर्समधला एक दिरहम आला होता,
अरबी किटलीचं चित्र असलेला.
कधी काढला, कळलं नाही.
मी थोडी वाट पाहिली.
कोणीच फिरलं नाही.
पोलिसाने हात केला, क्रेन मागे सरली.

शेवटचं पोर उतरल्यावर
गुलजमानने करकवाल्याच्या टपरीपुढे हॉर्न दिला.
मी तो दिरहम खिडकीतून दिला,
वर त्याच्या पेल्याचा आणखी एक.
कागदी पेला, वेलची जास्त, काठोकाठ.
बस निघाली. आरशात बघत त्याने विचारलं,
तू कर सकती है ऐसा?
मी म्हटलं, चाय गरम है,
आगे देख.