हुद्द्याचा रकाना

वेंगुर्ला बंदरावरच्या विश्रामगृहाची नोंदवही माझ्याकडे असते.
सहा रकाने: नाव, हुद्दा, कुठून आले,
आले कधी, गेले कधी, शेरा.
गुरुवारी रात्री उपेंद्र आजगावकरांनी
पहिले चार स्वतःच भरले.
हुद्दा: पंतप्रधान.
तेव्हा सतरा जागांची मोजणी बाकी होती.

शुक्रवारी सकाळी तीही संपली.
पास्कू लोबो चहा घेऊन आत गेला
आणि भरलेला कप तसाच घेऊन बाहेर आला.
"सायब दर्याकडे बघत बसलेत," म्हणाला,
"टीव्हीचो आवाज बंद. चित्रां चालू."

दिल्लीहून फोन. एका सचिवाचा, मग दुसऱ्या,
मग जिंकलेल्या बाईंचा. त्यांचा स्वतःचा आवाज,
मध्ये कोणी नाही.
"झोपलेत म्हणून सांग," साहेब म्हणाले.
सकाळचे अकरा वाजले होते.
मी सांगितलं.
"झोपू द्या," बाई म्हणाल्या, "मी थांबते."
आणि थांबल्या खरंच.
सात मिनिटं मी रिसीव्हर कानाला धरून
त्यांच्याकडच्या पंख्याची घरघर ऐकत उभा,
साहेब माझ्यापासून चार हातांवर,
नखं बघत.

राष्ट्रपतींच्या नावाचा कागद टाइप होऊन आला होता.
दोनच ओळी.
टेबलावर चष्म्याच्या घराखाली तो पडून राहिला,
खारं वारं लागून कोपरे वर वळले.
पास्कू जेवणाचं ताट ठेवायचा, बाजूला,
कागदाला आमटी लागू नये म्हणून
ताटाखाली जुनं वर्तमानपत्र.
त्यावरही साहेबांचाच फोटो.

शनिवारी संध्याकाळी ते बंदरावर गेले.
हंगाम संपत आलेला,
तांडेलांची होडी वर ओढायचं काम चाललं होतं,
ओंडके घातलेले, दोराला वीस-पंचवीस माणसं.
साहेब मध्येच उभे.
पाठमोऱ्या कुणीतरी, न बघताच,
"हात लाव नायतर बाजूक हो!"
पहारेकरी धावले. साहेबांनी त्यांना थांबवलं,
धोतर सावरलं, दोर धरला.
होडी तोवर वर आली होती,
दोर सैल.

सही कधी केली ते मी पाहिलं नाही.
रविवारी दुपारी फाटकावरचे बारा होते त्यांचे चार झाले.
जिन्यापाशी तीन दिवस उभा असलेला पोरगा
पायरीवर बसला, बूट सैल केले,
आणि मला म्हणाला, काका, चहा मिळेल?
त्यावरून कळलं.

निघताना साहेबांनी वही मागितली.
गेले कधी: रविवार, चार दहा.
मग भिंतीवरचा दरफलक वाचू लागले, चष्मा वर करून.
शासकीय कामासाठी मोफत.
खासगी व्यक्ती, दर दिवशी एकशे दहा रुपये.
"माझं कुठल्या दिवसापासून धरतोस?"
मी म्हटलं, सही आज झाली ना साहेब, मग आजचाच दिवस.
ते बराच वेळ काही बोलले नाहीत.
खाली बंदरावर कोणीतरी डांबर तापवत होतं,
वास इथवर येत होता.
"शुक्रवारपासून धर."

पावती फाडली. तीनशे तीस.
त्यांनी उजवा खिसा चाचपला, मग डावा,
मग उगाच पुन्हा उजवा.
अकरा वर्षांत पैसे जवळ बाळगायची वेळ आली नव्हती.
गाडीतले लोक दुसरीकडे बघू लागले.
"मी भरतंय," पास्कू म्हणाला, "मागीर द्या."

जुलैत लेखापरीक्षक आले. त्यांनी वही उघडली,
हुद्द्यावर बोट ठेवलं, पावतीवर बोट ठेवलं.
पंतप्रधानांकडून भाडं? खुलासा करा.
मी शेऱ्यात लिहिलं:
पाहुणे शुक्रवारी गेले, रविवारी निघाले.
ते त्यांनी लाल शाईनं खोडलं
आणि रक्कम परत करण्याचा आदेश काढला.
धनादेश गेला,
मा. पंतप्रधान, नवी दिल्ली, या पत्त्यावर.

तो वटलासुद्धा म्हणे.
पास्कू अजून दर सोमवारी पोस्टात विचारून येतो.